बॉयलरच्या तोंडाशी

शकुबाईचा फोटो सणसरात कुणाच्या घरात नाही. तिच्या स्वतःच्याही घरात नाही. तो आहे पुण्या-मुंबईच्या काही काचेच्या टेबलांवर, एका साखर कंपनीच्या शाश्वतता अहवालाच्या मुखपृष्ठावर. डोक्यावर पदर, हातात पेटता पलिता, चेहऱ्यावर खालून आलेला पिवळा उजेड. बघणाऱ्याला वाटतं, ही बाई आता काहीतरी बोलणार. फोटोत तेवढं बरोबर आलं आहे. ती बोलणारच होती.

माळेगाव बुद्रुकच्या एका आळीत शकू आणि धोंडा वाढल्या. धोंडा आधी सणसरला दिली. वर्षभरात तिनं सासूच्या मागं लागून भावकीतलंच एक स्थळ शकूसाठी काढलं. "एकटीला करमंना," एवढंच कारण तिनं पुढं जन्मभर सांगितलं. दोघींची घरं एकाच रस्त्यावर, मध्ये एक कडुलिंब. एकीच्या घरातलं भांडण दुसरीला ऐकू जायचं आणि सकाळी पाण्याला जाताना त्यावर हसून व्हायचं.

शकूचा नवरा गेणू काविळीनं गेला तेव्हा तिचा अजित रांगत होता. दिवस झाले, पाहुणे पांगले. त्यानंतर गावात तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. बायका हसून बोलायच्या आणि कुंकवाचा करंडा पदराखाली झाकून तिच्या दारावरून पुढं जायच्या. त्या वर्षापासून धोंडाबाईला दर संक्रांतीला सर्दी होऊ लागली. घरोघरी निरोप जायचा, धोंडाबाईचं अंग मोडून आलंय, ती वाणाला येत नाही. आणि संध्याकाळी ती शकुबाईच्या ओसरीवर पाय पसरून तीळगूळ खात बसलेली असायची.

"सर्दीत गूळ बाधतो गं, धोंडे."

"बादू दे. सर्दी तरी कुठं खरी हाय?"

शकुबाईनं पुढं उसाच्या रोपांची नर्सरी काढली. हिरव्या जाळीच्या सावलीत काळे ट्रे, प्रत्येक खाचेत उसाच्या कांडीचा एक डोळा, आणि डोळ्यातून वर आलेलं कोवळं पातं. कामाला तिनं शोधून शोधून तिच्यासारख्याच बायका घेतल्या. सरुबाई, जिला सासरनं नवऱ्याच्या तेराव्याला माघारी धाडलं होतं. आणखी चार-पाच जणी. त्या जाळीखाली कुणी कुणाचं कपाळ बघत नव्हतं. रोपं जोमदार यायची, आणि ती सगळी कारखाना उचलायचा.

हा कारखाना प्रायव्हेट. इंदापूरच्या बाजूला, ओढ्याच्या वरच्या अंगाला. सहकारी कारखान्यात माणूस सभासद असतो, वार्षिक सभेत माईक हिसकावून चेअरमनला दोन शब्द सुनावू शकतो. इथं मालक होते, आणि मालकांचा मुलगा युवराज, परदेशात शिकून आलेला. कंपनी शेअर बाजारात उतरायची ठरली तेव्हा कायद्यानं बोर्डावर बाई लागत होती, आणि पैसे घालणाऱ्या मोठ्या लोकांना ती मालकांच्या घरातली नको होती. युवराज स्वतः नर्सरीत आला. ट्रेच्या रांगांमध्ये उकिडवा बसून म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्या बोर्डावर या. नुसती सही करायला नाही. बोलायला या."

तो हे मनापासून म्हणाला. तो खोटं बोलला असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

"संचालक झालीस म्हणं," धोंडाबाई म्हणाली. "आता भाकरी काट्या-चमच्यानं खाशील."

"भाकरीला तुझ्याकडंच यायचं हाय. तितं निस्ती बिस्किटं देत्यात."

बैठका पुण्याला, काचेच्या इमारतीत. न्यायला-आणायला कंपनीची गाडी. कागद इंग्रजीत असायचे, म्हणून माधवी शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगायची. माधवी कंपनीत पर्यावरणाचं काम बघायची, चष्म्याआडून सारखी काळजीत दिसणारी पुण्याची मुलगी. 'शाश्वत' हा शब्द शकुबाईला तिथं पुन्हा भेटला. तोवर तिनं तो कीर्तनातच ऐकला होता, आणि तिथं तो एकट्या देवासाठी असायचा.

"म्हणजे कधी न संपणारं?" तिनं विचारलं.

"हो काकू. पुढच्या पिढ्यांना पुरेल असं."

"मंग चांगलंच हाय की."

पहिल्याच वर्षी ती बोलली. कारखान्याच्या गाडीतळावर ऊसतोडणीच्या बायकांना आडोसा नाही, दिवसभर पाणी पीत नाहीत त्या. हंगाम संपायच्या आत तिथं संडास उभे राहिले. आपल्या तोंडून निघालेला शब्द वीट होऊन उभा राहतो, हे तिनं त्या वेळी पाहिलं. गावानंही पाहिलं. धोंडाबाईनं तर फारच पाहिलं.

म्हणूनच ती एका श्रावणात पाण्याची बाटली घेऊन नर्सरीत आली.

"घे. तुझ्या कंपनीचा च्या."

बाटलीतलं पाणी धोंडाबाईच्या विहिरीचं होतं. तांबूस, कोऱ्या चहाच्या रंगाचं. कारखान्यात मळीपासून इथेनॉल काढतात, त्यातून उरतं ते काळपट, आंबलेल्या गुळासारख्या वासाचं पाणी. ते साठवायला मोठं तळं केलेलं, तळाला जाड प्लास्टिकचा कागद. तो कागद फाटला होता. झिरपा ओढ्याला लागला होता, आणि ओढ्याकाठी सगळ्यात खाली धोंडाबाईची विहीर. त्या विहिरीवर तिची मेथी, कोथिंबीर, वांगी. पहाटेच्या टेम्पोनं भाजी बारामतीच्या मंडईत जायची, आणि तिथले व्यापारी पेंडी उघडून न बघता घ्यायचे.

"अजून निस्ता रंगच हाय," धोंडाबाई म्हणाली. "हिरीचा जीव गेला न्हाय. पर ह्यो हंगाम तसाच चालवला तर जाईल बघ. तू बोल."

"बोलते."

ती बोलली. उभी राहून बोलली, कारण बसून तिचा आवाज फुटत नव्हता. "तळ्याचा कागद आधी बदला, मंग बॉयलर पेटवा." टेबलाभोवती कुणी रागावलं नाही. कागद बदलायचा तर तळं उपसायचं, हंगाम महिना-दीड महिना पुढं जाणार, तोवर शेजारचे कारखाने ऊस पळवणार, हे तिला नीट समजावून सांगितलं गेलं. एक वयस्कर संचालक म्हणाले, "ताईंचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे." मग पुढचा विषय सुरू झाला. माधवी आपल्या हातातल्या पेनकडं बघत राहिली.

युवराज तिच्याबरोबर लिफ्टमधून खाली आला. "काकू, हंगाम संपला की पहिलं काम तेच. शब्द देतो." गाडीच्या दाराशी तो थांबला. "आणखी एक. यंदाचा बॉयलर तुम्ही पेटवायचा."

तिला वाटलं, तो थट्टा करतोय. दरसाल हंगामाच्या तोंडावर बॉयलरची पूजा होते. एखादा संचालक आणि त्याची बायको जोडीनं बसतात, होम होतो, मग दोघं मिळून बॉयलरच्या तोंडात पेटता पलिता टाकतात. पत्रिकेत 'सपत्नीक' छापतात. विधवेनं त्या वेळी कुठं उभं राहू नये हे सांगावं लागत नाही. तिला ते आपोआप कळतं.

"माझी आत्या घरच्या पूजेला स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे," युवराज म्हणाला. "दाराच्या फटीतून बघायची. मी तिला विचारलं होतं, तू का येत नाहीस. तिनं मला लाडू दिला." त्यानं गाडीचं दार उघडून धरलं. "तुम्ही बसा काकू. एकट्या."

परतीच्या वाटेवर ती गाडीत रडली. ड्रायव्हरनं आवाज झाकावा म्हणून गाणी लावली.

धोंडाबाई मेथी खुरपत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, खुरपं मातीत रोवलं आणि टाळी वाजवून हसली. "अगं बया! गेणूभावजी वर बसून मिशीला पीळ देत आसतील." मग एकदम तिचा चेहरा बदलला. "शके, मंग तितंच माग की."

"काय?"

"लग्नात करवली दार आडवती का न्हाय? नवरा-नवरी उंबऱ्यात, मागं सगळी वरात खोळंबल्याली. काय मागंल ते कबूल करावं लागतंय. तसं तू आडव. पलिता हातात घे आन म्हण, कागद बदलायचा दिस सांगा, मंग पेटवते. सगळ्या गावादेखत. मालकाला न्हाय म्हणता येतंय व्हय?"

शकुबाईला ते पटलं. खरंच पटलं. "आडवते," ती म्हणाली.

"घे शपथ."

"तुझी शपथ."

"माझी नगं. हिरीची घे."

तिनं विहिरीत वाकून पाहिलं आणि शपथ घेतली.

पूजेच्या सकाळी बॉयलरला झेंडूच्या माळा होत्या. भटजींनी चौरंग मांडला, आणि शकुबाईच्या शेजारच्या रिकाम्या पाटावर विड्याच्या पानावर एक सुपारी ठेवली, गेणूच्या जागी. माधवी कुंकवाचं ताट घेऊन रांगेनं लावत आली. तिला गावाची रीत ठाऊक नव्हती की ठाऊक असून तिनं केलं, कोण जाणे. तिनं शकुबाईच्या कपाळाला बोट टेकवलं. पुढच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग मागून सरुबाईनं हुंदका दिला. नर्सरीतल्या सगळ्याजणी आल्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून, एकमेकींच्या कोपरांना धरून. बॉयलरच्या खांबाला टेकून धोंडाबाई उभी होती.

होम संपला. शकुबाई पलिता घेऊन बॉयलरच्या तोंडाशी आली. आत काळं, थंड, राखेच्या वासाचं पोकळ. तोंडात वाक्य तयार होतं. कितीदा तरी नर्सरीत रोपांना ऐकवलेलं: युवराजदादा, तळ्याचा कागद कधी बदलणार त्यो दिस सांगा, मंगच पेटवते.

मागं दोन जुने कामगार कुजबुजत होते.

"पांढऱ्या कपाळाची बसवलीया. काय दगाफटका झाला म्हंजी?"

"गप ए. मालकानं बसवलीया."

"मालकाला काय? भट्टीपाशी आपल्याला उभं ऱ्हायाचंय."

पलिता तिच्या हातात थांबला. तिला त्या क्षणी दिसलं ते असं. करवलीनं दार अडवलं की सगळे हसतात, कारण करवलीचं अडवणं शुभ असतं. आपण अडवलं तर तळ्याचं कुणी ऐकणार नाही. लोक एवढंच सांगतील की विधवेच्या हाती विस्तव थबकला. यंदा कुणाचा हात यंत्रात गेला, अवकाळीनं ऊस लोळला, तर ते या थबकण्याला बांधलं जाईल. आणि सरुबाईला, त्या सगळ्याजणींना, पुन्हा कुणी कुठल्या चौरंगाशी बसवणार नाही. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून एकाच वेळी दोन गोष्टी मागता येत नव्हत्या.

हे सगळं खरं होतं. आणखीही एक खरं होतं, ते तिला तेव्हा स्वतःशीही म्हणवलं नाही.

"टाका काकू," युवराज हळूच म्हणाला. कुठंतरी कॅमेरा वाजला.

तिनं पलिता टाकला. आत भुसकन हवा ओढली गेली, बगॅसनं, उसाच्या सुक्या चिपाडानं, पेट घेतला, टाळ्या झाल्या, बाहेर फटाके लागले. लोक पाया पडायला आले. ज्यांनी कुजबुज केली त्यातला एक जणही आला. प्रसाद वाटून होत आला तेव्हा धोंडाबाई तिच्यापाशी आली. तिनं द्रोणातला शिरा घेतला.

"चांगली दिसत व्हतीस," ती म्हणाली, आणि घरी गेली.

हंगाम जोरात झाला. थंडीत तळं भरत आलं तसा झिरपा वाढला. धोंडाबाईच्या मेथीच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग भाजल्यासारख्या झाल्या. म्हशीपुढं बादली ठेवली तर म्हैस वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. मंडईतले व्यापारी आता पेंडी उघडून बघू लागले, मग घेईनासे झाले. कंपनीनं ओढ्याकाठच्या वस्तीला पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू केला. टँकरवर हिरवं पान रंगवलेलं होतं. धोंडाबाई भांडायला आली नाही. शकुबाई रोज वाट बघायची. भांडण झालं असतं तर सकाळी पाण्याला जाताना त्यावर काहीतरी बोलता आलं असतं. पण आता पाण्यालाही कुणी जात नव्हतं.

संक्रांत आली. बॉयलरची पूजा गावानं पाहिली होती, फोटो मोबाईलवर फिरला होता. त्या वर्षी पहिल्यांदा दोन-तीन घरांतून शकुबाईला वाणाचं बोलावणं आलं. ती गेली. पहिल्याच घरात, बायकांच्या रांगेत, नवी साडी नेसून धोंडाबाई बसली होती. तिला सर्दी झालेली नव्हती.

शकुबाई तिच्या शेजारी टेकली. बाहेर पडताना अंगणात दोघीच राहिल्या.

"मला वाटलं, आपशकुन म्हंतील. सरुबाई-बिरुबाई सगळ्यांचं दार बंद व्हईल," शकुबाई म्हणाली.

"व्हय."

"आन…" तिनं मागं दाराकडं पाहून घेतलं. "मला ते पेटवायचं व्हतं गं, धोंडे."

"दिसत व्हतं की," धोंडाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुला इतकी वर्सं कुणी काय दिलं न्हाय. माझ्या सर्दीनं काय हुतंय?" तिनं हातातलं वाण पदरात बांधलं. "जा. पुढच्या घरी खोळंबल्यात."

उन्हाळ्यात कंपनीच्या अहवालाला कुठलंसं मोठं बक्षीस मिळालं. मुखपृष्ठावर शकुबाई. बक्षीस घ्यायला तिनं जायचं ठरलं होतं. त्याआधीच्या बैठकीत ती बसूनच बोलली, आणि या वेळी आवाज फुटला.

"मी बक्षीस घ्यायला येनार न्हाय. राजीनामा देते. का दिला म्हणून कुणी इचारलं तर फाटक्या तळ्याचं सांगीन."

टेबलाभोवती पहिल्यांदाच कुणी काही समजावून सांगितलं नाही. युवराजनं डोळे मिटून घेतले, उघडले. मग तो इंग्रजीत बोलला, बराच वेळ बोलला, बापाकडं न बघता बोलला. माधवीनं हळूच मराठीत सांगितलं ते एवढं: जुन्या तळ्याचा कागद आता सांधण्याजोगा राहिला नाही, नवंच तळं बांधायचं, दुप्पट कागदाचं, ताबडतोब. हात वर झाले. शकुबाईनंही हात वर केला. माधवीनं टेबलाखाली तिचा हात दाबला, तिचे डोळे भरले होते.

त्या दिवशी ती गाडीत रडली नाही. घरी न जाता तिनं ओढ्यापाशीच गाडी थांबवली आणि बांधानं चालत धोंडाबाईच्या रानात गेली. काय म्हणायचं ते वाटेत ठरत गेलं. उशीर झाला, पण केलं. दोन पावसाळ्यांत पाणी निवळंल. हीर धुऊन निघंल.

विहिरीपाशी ट्रॅक्टर उभा होता. मागं मुरमाची ट्रॉली. धोंडाबाईचा मुलगा ऋषिराज ट्रॉलीचा मागचा फाळका उघडत होता. शकुबाईला बघून तो मान खाली घालून दुसऱ्या बाजूला गेला. धोंडाबाई काठावर बसली होती. विहिरीच्या कपारीत मांडलेल्या साती आसरा, पाण्याच्या त्या देवता, शेंदूर लावलेले सात दगड, तिनं काढून पाटीत ठेवले होते. त्यांना नवी चोळी, हिरव्या बांगड्या आणि नारळ वाहून झालं होतं.

"धोंडे, हे काय करताय? थांबवा. नवं तळं मंजूर झालं. आजच. मी करून घेतलं."

धोंडाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी समजल्यासारखं झालं.

"तुला म्हाईत न्हाय व्हय?"

"काय?"

"तळं हितंच व्हनार हाय. त्यांची माणसं चार म्हयने येत्यात. पोरानं पंधरवड्यामागं जमीन दिली. खरेदीचा कागूदबी झाला."

तळं कुठं बांधणार, हे शकुबाईनं बैठकीत विचारलंच नव्हतं.

"म्या जागा इचारली न्हाय," ती म्हणाली.

"इचारून काय हुतं? सगळ्यात खालची आमची, आन नासल्यालीबी आमचीच. तळ्याला आसलीच जागा लागती." धोंडाबाई उठली. "पोराचं चुकलं न्हाय. काय पिकवनार त्यो हिच्यात?"

ट्रॉली कलली. मुरूम सरकला आणि खाली पाण्यात पडल्याचा मोठा, खोल आवाज आला.

"आसरा माझ्या नर्सरीत बसीव," शकुबाई म्हणाली. "माझ्या हिरीवर. मी सांभाळते. रोज फूल घालीन."

"न्हाय."

"धोंडे…"

"कालव्यावर नेती. तितं वाहतं पाणी हाय." तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पाटीपाशी वाकली. सात दगडांची पाटी एकटीला उचलून डोक्यावर घेता येत नव्हती. ती तशीच वाकलेली राहिली. ऋषिराज लांब, ट्रॅक्टरवर होता.

"हात लाव," ती म्हणाली.

शकुबाईनं हात लावला. पाटी वर गेली, चुंबळीवर बसली. धोंडाबाईनं मान सरळ केली, तोल सावरला आणि कालव्याच्या वाटेनं निघाली. शकुबाई पाच-दहा पावलं मागं गेली, मग थांबली. तिला कुणी ये म्हटलेलं नव्हतं.

मागं दुसरी ट्रॉली आली. मग तिसरी. प्रत्येक वेळी पाण्याचा आवाज थोडा वर येत गेला, उथळ होत गेला, आणि ऊन कलायच्या आत नुसता मुरमावर मुरूम पडल्याचा आवाज येऊ लागला.